'न्यूट्रलला टाका आणि ओढा' हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

रविवारी सकाळी अमेरिकेतल्या फीनिक्सहून काकांचा फोन आला. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनं मोटरहोम (चाकांवरचं घर, तिकडे आरव्हीही म्हणतात) घेतलंय. उन्हाळ्यात यलोस्टोनला जायचंय आणि मागे घरची होंडा सीआर-व्ही गाडी टो बारने (जोडायच्या दांड्याने) बांधून, तिच्याच चाकांवर ओढत न्यायचीय. "टो बार मागवतोय रे. बाकी काही लागत नाही, त्या मेसेजात सगळं नीट समजावलंय."

तो मेसेज माझ्याकडे आधीच तीन ग्रुपांवर येऊन पडला होता. 'आरव्हीवाल्यांनो, लुटले जाऊ नका' अशी सुरुवात, पुढे पाच मुद्दे आणि शेवटी हात जोडलेल्या चार बाहुल्या. मी न वाचता सरकवला होता. आता वाचला, दोनदा वाचला, आणि डोकं फिरलं.

मुद्दा पहिला, आणि खरं तर सगळा घोळ इथेच आहे: 'कुठलीही गाडी न्यूट्रलला टाकली की चारही चाकांवर हवी तितकी ओढता येते.'

कुठलीही नाही हो! हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात आपल्याकडची मारुती ८०० आहे. बंद पडली, दोर बांधला, पुढच्या गॅरेजपर्यंत ओढली. तेवढं चालतं, कबूल. तशा छोट्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीत चाकं फिरली की आतले दातेही फिरतात आणि तळातलं तेल उडवून स्वतःला माखून घेतात. पण अमेरिकेतल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवायला पंप असतो आणि साधारणपणे तो पंप चालतो इंजिनावर. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं मात्र हायवेच्या वेगाने फिरताहेत आणि त्यांच्याबरोबर गिअरबॉक्सचा अर्धा भागही फिरतोय, कोरडा. न्यूट्रलमुळे इंजिन सुटतं, चाकं सुटत नाहीत. मोटरहोम चालवणाऱ्याला मागे काय शिजतंय याचा पत्ताही लागत नाही. गिअरबॉक्स गेला की खर्च हजारो डॉलरांत.

मॅन्युअल असली म्हणजेही सुटलात असं नाही. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या कित्येक मॅन्युअल गाड्यांत न्यूट्रलला तेल उडवणारा खालचा शाफ्ट जागेवरच थांबतो.

आणि गंमत बघा. चारही चाकांवर ओढायला अमेरिकेत सर्वांत लाडकी गाडी कोणती? जीप रँग्लर. तिच्याबरोबर मिळणारं माहितीपुस्तक काय सांगतं? ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) न्यूट्रलला आणि ऑटोमॅटिक गिअर चक्क पार्कमध्ये! मॅन्युअल गिअरची असेल तर गिअर टाकून ठेवायचा. म्हणजे ज्या गाडीला हे खरोखर मानवतं, तिथेही मेसेजवाल्याचा मंत्र उलटाच पडतो.

मेसेजात पुरावाही दिलाय: 'माझ्या मित्राची सीआर-व्ही अशीच दहा हजार मैल ओढली आहे.' हे वाचूनच काका विरघळले. आता नाइलाजाने मान्य करतो, मित्र खोटं बोलत नसावा. २०१४ पर्यंतच्या सीआर-व्हीला होंडाचीच परवानगी होती. पण कशी? तिच्या माहितीपुस्तकातली रीत वाचा. इंजिन सुरू करायचं, गिअर डी (ड्राइव्ह) मध्ये आणायचा, तिथून एन (न्यूट्रल) मध्ये, तीन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवायचं, मग बंद. स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली अ‍ॅक्सेसरीवर. वेग ताशी ६५ मैलांच्या आत. दिवसात आठ तासांपेक्षा जास्त ओढायची तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. आणि रिव्हर्समधून थेट न्यूट्रलला आणून ओढलीत तर गिअरबॉक्सचं गंभीर नुकसान होईल, असा वेगळा इशारा. मित्राने हे सगळं केलं असणार. मेसेज लिहिणाऱ्याने त्यातला एकच शब्द उचलला.

२०१५ पासून त्याच सीआर-व्हीत सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आला आणि ही परवानगी गेली. नाव तेच, गाडी वेगळी. काकांची २०१७ ची आहे.

"काका, ग्लव्ह बॉक्समधलं पुस्तक काढा," मी म्हटलं. पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीत होतं.

मुद्दा दुसरा: 'मोटरहोम एवढं जड, मागच्या गाडीला वेगळे ब्रेक कशाला?' जड आहे म्हणूनच! ते स्वतःच आधी उशिरा थांबतं, त्यात मागून दीड टनाची गाडी ढकलतेय. काकांचं मोटरहोम फोर्डच्या सांगाड्यावर उभं आहे, आणि फोर्डचीच टोइंग मार्गदर्शिका १,५०० पौंडांवरच्या ओढल्या जाणाऱ्या वाहनाला स्वतंत्र ब्रेक हवेत म्हणते. सीआर-व्ही त्याच्या दुपटीहून जड. कायदा राज्यागणिक बदलतो, घाटातला उतार बदलत नाही. शिवाय टो बार निसटलाच तर मागच्या गाडीचे ब्रेक आपोआप लावणारा ब्रेकअवे स्विच असतो. त्याला आणि सेफ्टी चेनला मेसेजात 'दुकानदारांची कमाई' म्हटलंय (मुद्दा तिसरा). यावर मी काही बोलत नाही.

चौथा: 'इलेक्ट्रिक गाडी ओढली की फुकटात चार्ज होते.' चाकं फिरली की मोटर वीज तयार करते, एवढं खरं. म्हणूनच तर टेस्ला आपली गाडी चारही चाकं उचलूनच न्या असं बजावते. चाकं रस्त्यावर फिरत राहिली तर अति तापून नुकसान होतं. आणि 'फुकट' कसलं? ती वीज मोटरहोमच्या पेट्रोलमधूनच येणार ना.

पाचवा, 'रिव्हर्स घ्यायलाही सोपं'. अजिबात नाही. मागच्या गाडीची पुढची चाकं भलतीकडे वळतात आणि टो बार वाकतो. मागे घ्यायचं तर आधी गाडी सोडवायची. पेट्रोल पंपावरसुद्धा सरळ बाहेर पडता येईल अशीच रांग धरायची.

"मग डॉलीवर टाकू?" काकांनी विचारलं. डॉली म्हणजे दोन चाकांचा छोटा गाडा; त्यावर फक्त पुढची दोन चाकं वर जातात आणि काकांची गाडी चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे मागची चाकं आणि प्रश्न दोन्ही तिथेच. उरला पूर्ण ट्रेलर. त्याचंच वजन २,००० पौंडांच्या आसपास, वर गाडी साधारण ३,४०० ची. काकांच्या हिचवर (मोटरहोममागच्या ओढायच्या आकड्यावर) मात्र जास्तीत जास्त ५,००० ची पाटी. काकूने मागून ऐकवलं, "तिथे पोचल्यावर भाड्याने घ्या की एखादी!" काकांनी टो बारची ऑर्डर रद्द केली.

पण फोन ठेवताना हळूच म्हणाले की मेसेज त्यांनी आणखी तिघांना पाठवलाय. त्यातल्या एकाकडे २०१६ ची सीआर-व्ही आहे आणि तो शुक्रवारी निघतोय. त्यालाच आता फोन लावतोय.