डावीकडे जरा जास्तच

माझ्या डाव्या कानाच्या वर चार बोटं जागा सध्या सपाट आहे. उजवीकडे केस आहेत, टाळूवर होते तेवढे आहेत, मागे तर बऱ्यापैकी आहेत. फक्त डावीकडे नाहीत, आणि न्यू जर्सीतल्या जानेवारीत तिथे लागणारा वारा थेट अकलेला लागतो. हे सगळं अमेरिकेच्या एका सेंटच्या नाण्यापायी झालं, हे बायकोला पटत नाही. "अरे, नाण्याचा आणि कटिंगचा संबंध काय?" मुलीनं काहीच विचारलं नाही, तिनं फक्त फोटो काढला. कुणाकुणाला पाठवला ते सांगत नाही.

तर संबंध असा आहे.

आमच्या घराजवळच्या सलूनात कटिंगचे 28 डॉलर पडतात. कोविडच्या आधी 18 पडायचे. ओक ट्री रोडवर, म्हणजे इथल्या भारतीय बाजारपेठेत, देशी सलूनं आहेत, तिथे काम स्वस्तात होतं आणि वर चंपीही मिळते, पण शनिवारी तिथे पार्किंग मिळेपर्यंत केस अजून वाढतात. शिवाय तिथे खुर्चीतला प्रत्येक जण व्हिसाबद्दल बोलत असतो. आठवडाभर तेच डोक्यात असतं, शनिवारी निदान डोक्यावर कात्री चालू असताना तरी नको. म्हणून मी इथे जातो. इथला न्हावी मूळचा समरकंदचा, हात हलका, स्वभाव मोकळा. इतका मोकळा की बोलायला लागला की तो गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे बघतच नाही.

आपल्याकडे सलूनात पाटी असायची, 'येथे राजकारणावर चर्चा करू नये'. ती लावणाऱ्या माणसाच्या हातात वस्तरा होता आणि समोर गळा होता, त्याला काय ते नीट कळत होतं. इथल्या भिंतीवर फक्त वाय-फायचा पासवर्ड आहे.

आणि टीव्हीखालच्या खुर्चीत नाना आहेत.

नाना हे नाव मी ठेवलेलं. खरं नाव ठाऊक नाही, पण गावागणिक, पारागणिक एक नाना असतो आणि हे आमच्या टाउनशिपचे. निवृत्त प्लंबर, वय पंचाहत्तरीच्या पुढे, डोक्यावर औषधाला केस नाही. म्हणजे ते कटिंगला येतच नाहीत. कॉफीचा कागदी पेला घेऊन सकाळी येतात आणि जेवायच्या वेळेला घरी जातात. न्हावी त्यांना उठवत नाही, कारण नाना गेले तर वाद घालायला फक्त गिऱ्हाइकं उरतील, आणि गिऱ्हाइकं चिडली की टिप कमी देतात.

परवाच्या शनिवारी मी खुर्चीत बसलो, कापड बांधलं गेलं, बाजूंना नंबर तीन मार, वर कात्री चालव, एवढं सांगून झालं, आणि नानांनी पेला उंच धरला.

"तीन सेंट," ते म्हणाले. "आज माझे तीन सेंट चोरीला गेले."

कॉफी झाली होती 3 डॉलर 97 सेंटची. नानांनी चार डॉलर दिले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, सुटे सेंट नाहीत. 12 नोव्हेंबर 2025 ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनातलं शेवटचं एक सेंटचं नाणं पाडलं. 1793 पासून चालत आलेलं नाणं, पण एक पाडायला 3.69 सेंट खर्च यायचा, म्हणून बंद. तेव्हापासून कित्येक दुकानदार रोखीचा हिशेब पाच सेंटांच्या पटीत करायला लागलेत.

"माझे तीन सेंट. माझ्यामागे रांगेत वीस माणसं. अशी दुकानं देशभर किती?" नानांनी खोलीभर नजर फिरवली. "हे सेंट जातात कुठे?"

"पण एक सेंट बनवायला पावणेचार सेंट!" न्हावी म्हणाला. "असा धंदा मी केला तर बायको मला दुकानात झोपायला लावेल. तोट्यातली गोष्ट बंदच करायला पाहिजे."

"सैन्य नफ्यात चालतं का?" नाना म्हणाले.

न्हाव्यानं मशीन बंद केलं. त्याला उत्तर सुचेना आणि खरं सांगायचं तर मलाही सुचेना. माणूस बोलतो तीन सेंटांवर आणि मध्येच असलं काही विचारतो की अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानंही पाणी मागावं. न्हाव्यानं बराच विचार केला. तोवर हात रिकामा नको म्हणून त्यानं मशीनचा गार्ड, म्हणजे केस किती ठेवायचे ते ठरवणारा कंगवा, काढला आणि माझ्या मानेवरची लव साफ करायला घेतली. गार्ड काढला, ही गोष्ट त्या खोलीत फक्त मला दिसली.

मग नाना माझ्याकडे वळले. "तू सांग याला. तुम्ही लोक गणितात हुशार असता."

मी दहावीला गणितात काठावर पास झालो होतो, हे या देशात कुणालाही सांगून उपयोग नसतो. मी म्हणालो, दुकानदारानं कधी वर, कधी खाली असा आकडा धरला तर शेवटी फिट्टंफाट होते.

"आणि दुकानदार खाली धरतो?" नाना म्हणाले. "तू बघितलायस कधी?"

नाही बघितला. न्हावी खो खो हसला आणि हसता हसता मशीन डाव्या कानापासून सरळ वर घेऊन गेला. बिनगार्डाचं.

कापडावर पडलेला तो पुंजका बघून मी "अहो, अहो" असं मराठीत ओरडलो. न्हावी थांबला, बघितलं, ओठ मुडपले आणि म्हणाला, "याला फेड कट म्हणतात. हल्ली पोरं याचे जास्त पैसे देतात." मग आरसा धरला, तो मागे. मागचं काम उत्तम होतं. उजवीकडेही तसंच करून देऊ का, असंही त्यानं मोठ्या मनानं विचारलं. म्हणजे एका बाजूचं नुकसान भरून काढायला दुसऱ्या बाजूचंही नुकसान करायचं. या देशाचे दोन्ही पक्ष हेच करतात, पण निदान फीत कापायला तरी बोलावतात.

नानांना यातलं काही दिसलं नाही. ते तोवर विजेच्या बिलावर गेले होते. आमच्या राज्यात 2025 च्या जूनमध्ये विजेची बिलं साधारण 17 ते 20 टक्क्यांनी चढली आणि नोव्हेंबरमध्ये गव्हर्नरची निवडणूक बरीचशी त्याच बिलांवर लढली गेली. मिकी शेरिल निवडून आल्या. नानांच्या मते दोष डेटा सेंटरांचा, न्हाव्याच्या मते दलालांचा, आणि टीव्हीवरच्या माणसाच्या मते तो स्वतः ज्या चॅनेलवर नाही त्या चॅनेलचा. नानांचा पक्ष कोणता, हे मला अजून कळलेलं नाही. ओबामांना एकदा आणि ट्रम्प यांना तीनदा मत दिलं, असं ते सांगतात आणि चौघांनीही फसवलं म्हणतात. उरलेले दोघे कोण, ते विचारायची सोय नाही. न्हाव्याला नागरिकत्व मिळून कैक वर्षं झाली, पण तो मतच देत नाही, कारण मतदार झालं की ज्यूरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसायचं, पत्र येतं. इथे ज्यूरीसाठी नावं ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही काढतात, पण वस्तरा त्याच्या हातात असताना त्याला हे कोण सांगणार?

अंड्यांचाही विषय निघाला. तो निघतोच. 2025 च्या मार्चमध्ये बर्ड फ्लूच्या साथीनं डझनाचा सरासरी भाव 6.23 डॉलरला भिडला होता. तेव्हा आमच्याकडे पाहुण्यांना भुर्जी म्हणजे घरातलं चांदीचं ताट काढण्यासारखं झालं होतं. पुढे अंडी उतरली, तर कॉफी आणि बीफ चढलं. नानांचं म्हणणं, भाव कधीच उतरत नाहीत, एका वस्तूवरून उठून दुसरीवर जाऊन बसतात. हे मात्र मी लिहून ठेवलं.

या दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत आहे. न्यू जर्सीत पेट्रोल आपण आपल्या हातानं भरायचं नसतं, पंपावरचा माणूस भरतो. 1949 चा कायदा आहे तो, आणि हात न लावू देणारं हे देशातलं एकमेव राज्य उरलंय. हा कायदा काढायला कुणी आला तर दोघं खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उतरतील. न्हाव्यानं तर छातीवर हात ठेवला, त्या हातात मशीन होतं, आणि मी डोकं बाजूला घेतलं.

इथवर मी सगळं हसून घेतलं. मग नानांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"तुझ्यावर माझा राग नाही हां. तू रांगेतून आलास. रांगेत उभे राहतात त्यांच्याबद्दल माझी कधीच तक्रार नसते."

आता हा माणूस मनानं वाईट नाही. हे तो कौतुकानं म्हणाला, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. मी रांगेतून आलो नाही, काका, मी रांगेतच आहे. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी कुठल्याही एका देशाला वर्षाला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत, हा 1990 च्या कायद्यातला नियम. आइसलंडला सात आणि भारतालाही सात. माझ्या गटात दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अर्जांना आत्ता कुठे हात लागतोय. मुलगी 17 ची आहे. ज्या दिवशी 21 ची होईल त्या दिवशी ती माझ्या अर्जातून गळेल आणि स्वतःच्या नावानं शेपटाला जाऊन उभी राहील. ती इथे दोन वर्षांची असताना आली, तिला मराठीपेक्षा या राज्याच्या टोल नाक्यांची नावं जास्त पाठ आहेत. आणि दर पगाराला माझे 7.65 टक्के सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला जातात, तेव्हा नानांचं पेन्शन निघतं. मत द्यायचा हक्क मला नाही. बोस्टनच्या लोकांनी 1773 मध्ये एवढ्याच कारणावरून चहा समुद्रात ओतला होता. आम्ही चहा पितो आणि फॉर्म भरतो.

हे सगळं मी बोललो का? छे. मी "थँक यू" म्हणालो.

मग गल्ल्यावरचा पडदा गर्रकन माझ्याकडे वळला. टिप किती टक्के? 20, 25, 30. चौथं बटण होतं, पण ते बारीक आणि राखाडी, अपराधी माणसांसाठी. जिथे टिप मिळते तिथल्या कामगाराला केंद्राच्या कायद्यानं तासाला 2.13 डॉलर दिले आणि टिप धरून किमान वेतन भरलं की मालक सुटला, आणि हा आकडा 1991 पासून हललेला नाही, म्हणून टिप देऊ नये असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण इथे मालक तोच, न्हावी तोच, माझा डावा कान उघडा पाडणाराही तोच.

"आणि आता यावर टॅक्सही नाही!" तो आनंदानं म्हणाला. खरंच, 2025 च्या कायद्यानं 25 हजार डॉलरपर्यंतच्या टिपांना केंद्राच्या प्राप्तिकरात सूट मिळते. म्हणजे टॅक्स भरून उरलेल्या माझ्या पैशातून बिनपाण्यानं केलेल्या हजामतीची बिनटॅक्सची बक्षिसी. मी 20 दाबलं. 33 डॉलर 60 सेंट. नाना मान लांब करून बघतच होते. "कार्डवाल्याचा सेंट न् सेंट बरोबर कापतात," ते म्हणाले.

मी टोपी कानापर्यंत ओढून बाहेर पडलो, तर नाना मागोमाग. हातात फोन. "तू कॉम्प्युटरवालाच ना? जरा बघ."

राज्य सरकारची योजना आहे, 65 च्या पुढच्या घरमालकांना मालमत्ता कराचे निम्मे पैसे परत मिळतात, 2024 सालच्या करासाठी जास्तीत जास्त 6,500 डॉलर. आमच्या राज्यात हा कर देशात सगळ्यात जड, 2024 मध्ये सरासरी बिल दहा हजारांच्या वर गेलं, तेव्हा नानांनी अर्ज केला त्यात गैर काही नाही. अर्ध्या तासापूर्वीच "सरकार फुकट पैसे वाटतं म्हणून देश बुडाला" असं ते म्हणाले होते, तो विषय मी काढला नाही. गार वाऱ्यात, टोपी एका हातानं धरून, मी त्यांचा पासवर्ड तीन वेळा चुकीचा आणि एकदा बरोबर टाकला. पडद्यावर आलं, अर्ज मिळाला आहे, काम चालू आहे.

नानांनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा वर करून वाचलं आणि भडकले.

"गेल्या ऑक्टोबरात भरलाय मी हा अर्ज! तीन महिने! माणसाला रांगेत ठेवायची काही हद्द आहे की नाही या लोकांना?"