तत्त्व वाकवण्याची दिशा

तत्त्वं लवचिक असावीत की पोलादी, यावर ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर रात्री अकरापर्यंत वाद घालणारे लोक मी पाहिलेत. तुम्ही त्यात पडू नका. किती वाकायचं हा प्रश्नच फिजूल आहे. कोणासमोर वाकायचं, एवढं ठरवा. समोरचा आपल्याहून मोठा असेल तर व्यवहार बघावा, लहान असेल तर तत्त्व.

सराव रिक्षापासून करा. फेब्रुवारी 2025 पासून आपल्याकडे किमान भाडं 26 रुपये झालं. तुम्ही तीस दिलेत आणि तो म्हणाला, "सुट्टे नाहीत, साहेब." हीच तुमची वेळ! उतरूच नका. "प्रश्न चार रुपयांचा नाही, तत्त्वाचा आहे," हे वाक्य कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणा. मागून टीएमटीची बस हॉर्न मारेल, मारू दे. तो शिव्या पुटपुटत पानवाल्याकडून सुट्टे आणेल. ते मोजून घ्या.

मग लिफ्टने वर जा, घोडबंदर रोडवरच्या त्याच फ्लॅटमध्ये, ज्याची काही रक्कम तुम्ही बिल्डरच्या ऑफिसात कापडी पिशवीतून पोचवली होती. त्याची पावती मागितली नाहीत, आणि तेव्हा सुट्ट्यांचाही विषय निघाला नाही. घर-जमिनीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2015 पासून मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच. पण तो घेणाऱ्याला! म्हणजे तत्त्व मोडलं ते त्याचं, तुम्ही फक्त पिशवी उचललीत. भोगवटा प्रमाणपत्राआधी राहायला आलात ते मुलांची शाळा सुरू होत होती म्हणून. मुलांचं नाव मध्ये आलं की कायदासुद्धा गहिवरतो.

कामवाल्या ताईंच्या बाबतीत मात्र गहिवरू नका. न सांगता एक दिवस आल्या नाहीत, पगार कापा. त्यांच्या मुलाला ताप होता हे खरं असेलही. पण आज एकीला सूट दिली की उद्या अख्खी बिल्डिंग बिघडते.

कोणी फारच टोचलं तर महाभारत काढा. 'नरो वा कुंजरो वा' मात्र नको, ते आता दहावीतली पोरंही तोंडावर मारतात. कर्णपर्वातला प्रसंग सांगा. 'गांडीव दुसऱ्याला दे' असं म्हणेल त्याचं डोकं उडवीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा, आणि तसं म्हणाला नेमका धर्मराज. अर्जुनानं तलवार उपसली. कृष्णानं तोडगा काढला: थोरल्याला अरे-तुरे केलं की तो मेल्यासारखाच, तेवढं कर. अर्जुनानं केलं, मग पश्चात्तापानं स्वतःचाच जीव द्यायला निघाला. त्यावरही तोडगा तयार: आत्मस्तुती म्हणजेच आत्महत्या. (या हिशेबानं सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सामूहिक आत्महत्या होते.) ऐकणारा गप्प होईल. तिथे कृष्ण दोन जीव वाचवत होता आणि तुम्ही स्टॅम्प ड्युटी वाचवत होतात, एवढा फरक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

उलट्या टोकाचा दाखला हवा असेल तर जर्मन तत्त्वज्ञ कांट आहे. दाराशी आलेल्या खुन्यालाही खोटं सांगू नये, असं त्यानं 1797 मध्ये लिहून ठेवलंय. हा वॉचमनसाठी राखून ठेवा.

वार्षिक सभेत एखादा कुजकट सभासद शीळफाट्याचं नाव काढेल. 4 एप्रिल 2013, लकी कंपाउंड. बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली, 74 माणसं गेली. तिथेही सगळ्यांनी थोडं थोडंच वाकवलं असणार, असं काहीतरी तो म्हणेल. आणि मग आपल्या गच्चीवरच्या वाढीव खोलीकडे वळेल, जी नगरसेवकांच्या मेहुण्याची आहे. चेहरा गंभीर करा, "फार वाईट झालं" म्हणा, आणि "हा विषय अजेंड्यावर नाही," असं सेक्रेटरींकडून वदवून घ्या.

अजेंड्यावर आहे तो वॉचमन. बारा तासांची ड्युटी, बदली माणूस आला नाही म्हणून पुढचे बाराही त्यालाच, आणि पहाटे तीनला खुर्चीत मान टाकलेला त्याचा फोटो ग्रुपवर. दोनशे रुपये दंडाचा ठराव मांडा. सूचक तुम्हीच व्हा, अनुमोदक शोधावा लागत नाही.