डिफेनबेकियाची बदनामी आणि कुंपणाची कण्हेर

‘घरात डिफेनबेकिया असेल तर आजच उपटा. पान चावलं तर लहान मूल एका मिनिटात आणि मोठा माणूस 15 मिनिटांत दगावतो. तोच हात डोळ्याला लागला तर कायमचं अंधत्व.’ डिफेनबेकिया या घरातल्या शोभेच्या झाडाबद्दलचा हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. पाठवणाऱ्याला खरंच काळजी असते, पण ती भलत्याच झाडावर खर्च होते.

आधी तो ‘एक मिनिट’. डिफेनबेकिया अळूच्या कुळातलं. त्याच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावताच ते जिभेत आणि गालात रुततात. आग होते, लाळ गळते, तोंड सुजतं, कधी आवाजही बसतो. पण इतकं झोंबतं म्हणूनच मूल पहिलाच तुकडा थुंकून टाकतं आणि सूज बहुधा काही दिवसांत उतरते. क्वचित घसा सुजून श्वास अडू शकतो. गिळता येईना किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर लगेच दवाखाना गाठा.

डोळ्याबद्दल. नुसतं पान हाताळून काही होत नाही. चीक डोळ्यात गेला तर मात्र वेदना भयंकर होतात. 15 मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांचा डोळा उपचारांनी पूर्ववत होतो.

राहिलं ‘उपटा’. मला खरी चिंता वाटते ती इथे. डिफेनबेकिया उपटून टाकणाऱ्याच्या कुंपणाला कण्हेर तशीच डोलत असते. कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, यांच्यात हृदयाचे ठोके बिघडवणारी विषं असतात आणि ती पानं वाळली तरी जात नाहीत. छाटलेल्या फांद्या जाळू नका, धूरही बाधतो. लालकाळी गुंज तर मुलांना खेळायलाच हवी असते. अख्खी गिळली तर टणक सालीमुळे ती बहुधा तशीच बाहेर पडते, पण चावली गेली तर आतलं अॅब्रिन हे विष जीवघेणं ठरू शकतं. लक्षणं दिसायला कित्येक तास लागतात, तोवर मूल हसतखेळत असतं. डिफेनबेकिया निदान लगेच ओरडून सांगतो. मांजर पाळणाऱ्यांनी लिली घरात आणूच नये. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

मुलाने कुठलंही अनोळखी पान-बी तोंडात घातलं, तर तोंडातलं काढा, चूळ भरायला लावा, उलटी करवू नका. त्रास दिसत नसला तरी डॉक्टरांना विचारा आणि जाताना त्या झाडाची फांदी किंवा फोटो सोबत न्या.