सात दिवस, पण किती मिलिग्रॅमचे?

‘व्हायवॅक्स मलेरियाच्या १४ दिवसांच्या गोळ्या म्हणजे यकृतावर विष. ताप उतरला, रिपोर्ट निगेटिव्ह आला की सातव्या दिवशी बंद करा. डब्ल्यूएचओनेही आता ७ दिवसच सांगितलेत. नंतर पपईच्या पानांचा रस आणि गुळवेल घ्या. परदेशात तर एका डोसात काम होतं, आपल्याकडे लपवतात.’ हा मेसेज पावसाळ्यापासून फिरतोय. व्हायवॅक्स हा मलेरियाचा एक प्रकार, आणि या गोळ्या म्हणजे प्रायमाक्वीन. मावशीने तो वाचून उरलेल्या गोळ्या देवघराच्या खणात टाकल्या, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी डब्ल्यूएचओ, कारण खरी मेख तिथेच आहे. सात दिवसांचा कोर्स त्यांनी सांगितलाय, हे खरं. पण तो रोज किलोमागे ०.५ मिलिग्रॅमचा आहे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातला १४ दिवसांचा कोर्स रोज किलोमागे ०.२५ मिलिग्रॅमचा. ६० किलोच्या माणसाला पहिल्या पद्धतीत ३० मिलिग्रॅम सात दिवस, दुसऱ्या पद्धतीत १५ मिलिग्रॅम चौदा दिवस. दोन्हींची बेरीज २१०. मेसेजवाल्याने दिवस अर्धे केले आणि रोजची गोळी तीच ठेवली. हाती उरले १०५. प्रायमाक्वीनमध्ये दिवसांपेक्षा पोटात गेलेली एकूण मात्रा महत्त्वाची असते, आणि याने नेमकी तीच कापली.

कमी मात्रेचा प्रयोग भारतात होऊनही गेलाय. एके काळी आपल्याकडे १५ मिलिग्रॅम फक्त पाच दिवस देत, म्हणजे ७५. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा पाच दिवसांचं प्रायमाक्वीन आणि नुसती क्लोरोक्वीन (ताप उतरवणारी मलेरियाची नेहमीची गोळी) यांत काही फरक दिसला नाही. चौदा दिवसांनी मात्र ताप उलटण्याचं प्रमाण स्पष्ट घटलं. यावर आणखी वाद घालण्यात अर्थ नाही.

पण एकूण मात्राच महत्त्वाची ना, असं म्हणून सात दिवसांत उरकायला घरच्या घरी गोळ्या दुप्पट करू नका. ते का, हे खाली येतंच.

दुसरा घोळ ‘रिपोर्ट निगेटिव्ह’चा. क्लोरोक्वीनच्या दहा गोळ्या (चार, चार, दोन अशा तीन दिवसांत) रक्तातले जंतू मारतात. ताप उतरतो, काचपट्टी स्वच्छ येते. पण व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपलेले असतात. त्यांना हिप्नोझोइट म्हणतात. रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाहीत आणि क्लोरोक्वीन त्यांना हातही लावत नाही. शिवाय क्लोरोक्वीन काही आठवडे रक्तात रेंगाळते, त्यामुळे लवकर जागे झालेले जंतूही दबून राहतात. मग महिना-दीड महिन्याने, कधी सहा-आठ महिन्यांनी थंडी वाजते आणि दोष डासाला जातो. मुंबईत नवा डासही तितकाच शक्य आहे, हे मान्य. नुसत्या काचपट्टीवरून दोन्हींतला फरक सांगता येत नाही. (फाल्सिपेरम हा मलेरियाचा दुसरा प्रकार यकृतात झोपून राहत नाही. त्याचे उपचार वेगळे, म्हणून रिपोर्टवर कोणता मलेरिया लिहिलाय ते वाचा.)

आता ‘विष’. धोका आहे, पण अवयव चुकलाय. प्रायमाक्वीनचा फटका यकृताला नव्हे, तांबड्या पेशींना बसतो, तोही मुख्यतः ज्यांच्यात जी६पीडी हे एन्झाइम कमी असतं त्यांना. हा दोष आनुवंशिक, पुरुषांत जास्त आढळणारा. पारशी आणि काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण अधिक. घरच्या घरी मात्रा दुप्पट करू नका म्हटलं, ते यासाठीच. म्हणून गोळी सुरू करण्याआधी जी६पीडी तपासून घेणं उत्तम. ज्यांच्यात ते कमी आहे त्यांनाही औषध बंद नसतं: डॉक्टरांच्या देखरेखीखाली किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे देतात. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला मात्र ही गोळी नाही. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, जिना चढताना धाप लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नुसती मळमळ किंवा पोटात पीळ हे त्यातलं नव्हे. ती गोळी बहुधा उपाशीपोटी घेतलेली असते. जेवणानंतर घ्या.

मेसेजमध्ये नसलेली, पण वरचेवर होणारी चूक गोळ्यांच्या पट्टीत असते. प्रायमाक्वीन २.५, ७.५ आणि १५ मिलिग्रॅममध्ये मिळते. ‘रोज एक’ एवढंच ऐकून कुणी साडेसातची पट्टी आणली, तर चौदा दिवस इमानाने घेऊनही मात्रा निम्मीच पोटात जाते. ८० किलोच्या माणसाला तर किलोच्या हिशेबाने रोज २० लागतात, १५ कमी पडतात. वजन डॉक्टरांना सांगा.

पपईचा रस डेंग्यूच्या मेसेजमधून इथे आलाय. हिप्नोझोइटवर त्याचा काही उपयोग नाही. आणि यकृताची एवढी काळजी असेल तर गुळवेल कशाला? २०२१मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी ती घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हेही खरं.

एका डोसाचं औषध म्हणजे टॅफेनोक्वीन, ३०० मिलिग्रॅम. अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं. यात लपवण्यासारखं काय आहे? ते शरीरात कित्येक आठवडे राहतं, त्रास झाला तर परत काढता येत नाही. म्हणून जी६पीडी नेहमीच्या पातळीच्या किमान ७० टक्के असल्याचं मोजल्याशिवाय ते देत नाहीत. नुसतं ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगणारी तपासणी त्याला पुरत नाही.

एखाद्या दिवशी गोळी राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. कोर्स एक दिवस पुढे न्या. आणि मावशीसारखं मध्येच सोडलं असेल, तर उरलेली पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा. कुठून सुरू करायचं ते पट्टीवरच्या मोकळ्या घरांवरून त्यांना ठरवता येईल.