खुलासा: मनोरुग्णालये वाढवली की अमेरिकेतले गोळीबार थांबतील?

‘अमेरिकेतले सामूहिक गोळीबार मनोरुग्णच करतात, सरकारने मनोरुग्णालये वाढवली की प्रश्न मिटला,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि आजाराशी झुंजणाऱ्या माणसांवर अन्याय करणाराही. तिथल्या एकूण हिंसाचारात गंभीर मानसिक आजाराचा वाटा अभ्यासकांच्या अंदाजाने सुमारे ४ टक्केच आहे.

मग सरकारी धोरण निरुपयोगी का? मुळीच नाही. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांचे बळी घेणाऱ्या हल्लेखोराला न्यायालयाने आधीच उपचार घ्यायला सांगितले होते. ती नोंद बंदूक विकताना होणाऱ्या तपासणीपर्यंत पोहोचलीच नाही! कनेटिकटचा १९९९चा कायदा मला म्हणूनच जास्त नेमका वाटतो: आजाराचे निदान असो वा नसो, धोक्याची ठोस चिन्हे दिसली की न्यायालयाच्या आदेशाने शस्त्र तात्पुरते काढून घेता येते. २०२२च्या केंद्रीय कायद्याने अशा उपायांना आणि शाळांमधल्या मानसिक आरोग्यसेवेला निधी दिला.

उपचारांचा मोठा उपयोग मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि त्यांची बातमी क्वचितच होते.