मीटरपेक्षा पेडल बघा

जुनी बाइक घेण्यावरच्या लेखात ‘मीटर ३० हजार किलोमीटरच्या आत असेल तर बिनधास्त घ्या’ असं म्हटलंय. मीटर मागे फिरवता येतो, डिजिटलसुद्धा. गिअर आणि ब्रेकची पेडलं, फूटरेस्टचं रबर, ग्रिप यांना मात्र फिरवता येत नाही. मीटर १२ हजार सांगतो आणि पेडलच्या खाचा गुळगुळीत? हिशेब जुळत नाही.

मग टायर. त्यावरच्या चार आकड्यांत २३१९ असेल तर २०१९चा २३वा आठवडा. गाडी २०२१ची, मीटर ९ हजार आणि मागचा टायर २०२४चा असेल तर पहिला इतक्यात का बदलला ते विचारा. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन बसते त्या दातेरी चाकाच्या) अगदी मागच्या टोकाला धरून ओढा. दातापासून बरीच सुटली किंवा दात करवतीसारखे झुकले असतील तर चेन-सेटचा (चेन आणि स्प्रॉकेट) खर्च सरळ किमतीतून वजा करा.

बडोद्यात एक जादा तपासणी लागते. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कितीतरी सोसायट्यांत शिरलं होतं. सीट काढून बॅटरीच्या खणात वाळलेला गाळ, कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) पिनांवर हिरवट गंज, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ शोधा. विकणाऱ्याने इंजिन ऑइल बहुधा बदललेलंच असतं (तेवढी हुशारी सगळ्यांकडे असते), पण वायरिंग कोण बदलतो?

इंजिन गार असतानाच स्टार्ट करून बघा. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर ते गार झाल्यावर परत या. अ‍ॅव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल मोजा, पण मीटर खोटा चालत असेल तर तोही आकडा खोटाच.