अर्धं वाचून परत आलेलं पुस्तक

‘कोबाल्ट ब्लू’ आज परत आलं. आत खुणेला बसचं तिकीट, तेही कादंबरीच्या पहिल्या, तनय या मुलाने सांगितलेल्या भागातच अडकलेलं. वर शेरा : "त्या पेइंग गेस्टला साधं नावसुद्धा नाही. लेखकाचा आळस, दुसरं काय!"

आळस? अर्ध्यात मिटलं कुणी, आळशी कोण?

सचिन कुंडलकरांची ही कादंबरी 2006 ची. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम शाबूत होतं, सर्वोच्च न्यायालयाने त्याचा दात काढला 2018 मध्ये. पुण्यातलं चारचौघांसारखं घर. भाड्याने राहायला आलेल्या मुलावर तनयचा जीव जडतो, आणि त्याच्या बहिणीचा, अनुजाचाही. ती त्याच्यासोबत निघून जाते आणि काही महिन्यांनी एकटीच परत येते. कथानक म्हणाल तर एवढंच.

करामत आहे क्रियापदांत. तनय सगळं त्या गेलेल्या माणसाशी बोलतो, थेट ‘तू’ म्हणून. आता मराठीत नुसतं ‘मी थांबलो, तू आला नाहीस’ एवढं लिहून बघा. दोन्ही पुरुष, लपायला जागाच नाही. जेरी पिंटोंचा 2013 चा इंग्रजी अनुवाद देखणा आहे, पण ‘यू’ला लिंग नसतं, तिथे ही गंमत हुकणारच. पुढे अनुजाची डायरी लागते आणि ‘थांबलो’चं ‘थांबले’ होतं, ‘तू’चा ‘तो’ होतो. माणूस तोच, पण एका अक्षराने किती लांब गेला! बसचं तिकीट इथवर पोचलंच नाही हो.

मान्य, पाहुणा शेवटपर्यंत धूसर राहतो. काहींना ते खटकणार. खटको.

पण अनुजाचं दुःख घराला दिसतं तरी. पळून गेली, फसली, परत आली, चला सांभाळा तिला. त्यावर रागावता येतं, रडता येतं. तनयचंही माणूस गेलंय, त्याच माणसाने टाकलंय. त्याने कुणापाशी रडायचं? बहिणीपाशी? ज्याच्या नावाने घरात मोठ्याने हाक मारून रडता येत नाही, त्याचं नाव पानावर नाही. मला तरी ते असंच वाचता येतं.

जाऊ दे, चिडून काय होणार. सिनेमा बघून भागवू नका एवढंच, त्यात घर पुण्यातून उचलून केरळात नेलंय.

तिकीट जागेवरच ठेवलंय. पुस्तक पुन्हा न्यायचं असेल तर न्या. फक्त तिकिटापासून पुढे नका वाचू, तनयच्या पहिल्या ओळीपासून धरा. सलग एका बैठकीत होतं.